सांधा आणि शिल्प : हलत्या धातु-फर्निचरच्या समीक्षेतील एक प्रश्न

मराठीतील 'फर्निचर' हा शब्द इंग्रजीतून आलेला आहे, आणि इंग्रजीने तो 'पुरविणे, सज्ज करणे' ह्या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून घेतला. घर रिकामे असते, त्याला जे पुरवावयाचे ते फर्निचर, असा त्यामागचा भाव. युरोपातील इतर अनेक भाषांनी ह्याच वस्तुवर्गाकडे निराळ्या बाजूने पाहिले. फ्रेंच 'मब्ल', जर्मन 'म्योबेल', इटालियन 'मोबिले', स्पॅनिश 'म्वेब्ले' हे सर्व शब्द लॅटिन 'मोबिलिस' ह्या विशेषणाकडे जातात आणि त्याचा अर्थ 'हलविता येण्याजोगे' असा आहे. आपल्या दस्तऐवजांत स्थावर आणि जंगम असा जो भेद केला जातो, त्यातील जंगम ह्या पदाशी हे शब्द थेट जाऊन भिडतात. भिंत स्थावर, खुर्ची जंगम. १९३१ मध्ये मार्सेल द्यूशाँने अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या शिल्पांना 'मोबिल' हे नाव सुचविले, तेव्हा शिल्प आणि मेज-खुर्ची ह्यांची नावे निदान फ्रेंचपुरती एका कुळातील झाली.

तथापि जंगमत्व दोन प्रकारचे असते. खुर्ची उचलून एका खोलीतून दुसरीत नेता येते. तिचे स्थान बदलते, रूप बदलत नाही. ज्या वस्तूत एक भाग दुसऱ्या भागाच्या संदर्भात सरकतो, वळतो किंवा झुकतो, तिचे मात्र स्थान तेच राहून रूप पालटते. ह्या दुसऱ्या प्रकारच्या वस्तू धातूच्या असल्या आणि त्यांच्या घडणीत शिल्पाची महत्त्वाकांक्षा असली, म्हणजे समीक्षेपुढे एक अडचण उभी राहते. ती अडचण अशी की, शिल्पाविषयी बोलण्याची आपली परिभाषा स्थिर रूपासाठी घडलेली आहे, आणि ह्या वस्तूंना स्थिर रूपच नाही. दिएगो जाकोमेत्तीची ब्राँझची मेजे आणि खुर्च्या घ्या. पॅरिसच्या पिकासो संग्रहालयात त्याने केलेले फर्निचर आजही आहे. त्यातील रेषा आणि हाताच्या बोटांनी दाबल्यासारखा खडबडीत पृष्ठभाग ह्यांचा विचार करावयास शिल्पसमीक्षेची नेहमीची साधने पुरी पडतात, कारण तेथील प्रत्येक जोड कायमचा आहे. जोड आणि सांधा हे दोन शब्द मराठीत सहसा एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु भाषा स्वतः त्यांत भेद करते. झाळलेला तो जोड. माणसाच्या गुडघ्यात असतो तो सांधा. 'सांधे धरले' ह्याऐवजी 'जोड धरले' असे कोणी म्हणत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय सांधा हा आहे.

संस्कृत शिकणारा विद्यार्थी शब्द 'चालवतो'. देव शब्द चालव असे गुरुजींनी म्हटले, की तो प्रथमेपासून संबोधनापर्यंत सर्व रूपे क्रमाने म्हणून दाखवतो. ह्या क्रियापदाची निवड विलक्षण मार्मिक आहे. शब्द म्हणजे कोशात दिलेले एक रूप नव्हे. तो जितक्या रूपांत चालतो ती सारी रूपावली मिळून तो शब्द होतो. कोशात प्रथमेचे किंवा मूळ रूप दिलेले असते ते सोयीसाठी. हलत्या फर्निचरच्या बाबतीत छायाचित्र हे नेमके असे कोशातले रूप आहे. छायाचित्रकाराने वस्तू ज्या एका स्थितीत ठेवली, ती स्थिती ग्रंथांतून आणि सूचींतून पुन्हा पुन्हा छापली जाते. तीवरून समीक्षक तोल, लय, अवकाश ह्यांविषयी निर्णय देतो, आणि त्या निर्णयाला वस्तूचे मूल्यमापन समजले जाते. एखाद्या शब्दाचे व्याकरण केवळ प्रथमेच्या एकवचनावरून लिहावे तसाच हा प्रकार आहे. ह्या वस्तू चालवून पाहिल्या पाहिजेत. त्या चालविल्या असता काही प्रसिद्ध कृतींची प्रतिष्ठा थोडी ढळते आणि काही निव्वळ उपयुक्त समजल्या गेलेल्या वस्तू शिल्पाच्या जवळ येतात, असे दिसून येईल.

आयलीन ग्रे (१८७८-१९७६) हिने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून येथे १९२६ ते १९२९ ह्या काळात बांधलेल्या घरासाठी एक लहानसे मेज केले. घराचे नाव 'ई १०२७'. हे नाव म्हणजे एक सांकेतिक लेखन आहे : ई हे आयलीनचे आद्याक्षर, दहा म्हणजे वर्णमालेतील दहावे अक्षर जे, दोन म्हणजे बी, सात म्हणजे जी, झाँ बादोव्हिची ह्या तिच्या सहकाऱ्याची आद्याक्षरे तिच्या दोन आद्याक्षरांच्या मध्ये धरलेली आहेत. मेजालाही पुढे हेच नाव चिकटले. क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी नळीचे हे मेज आहे. वर गोल काच, खाली जमिनीलगत नळीचेच वर्तुळ, आणि दोहोंना सांधणारा खांब मध्यभागी नसून कडेला. खांब कडेला असल्यामुळे तळाचे वर्तुळ पलंगाखाली जाते आणि काचेचे पान अंथरुणावर येते. खांबात एका नळीच्या आत दुसरी सरकते, नळीला ओळीने भोके आहेत, आणि एका बारीक साखळीने बांधलेली खीळ हव्या त्या भोकात घातली की उंची ठरते. अंथरुणात बसून न्याहारी करणाऱ्या पाहुण्याच्या सोयीसाठी हे मेज केले, असे त्याविषयी नेहमी सांगितले जाते.

ह्या मेजाची शिल्प म्हणून जी स्तुती होते, ती बहुधा दोन वर्तुळांच्या खेळाची असते. एक वर्तुळ पारदर्शक, दुसरे रिकामे. एक धरणारे, दुसरे उभे राहणारे. स्तुती खरी आहे. परंतु मेज चालवून पाहिले म्हणजे लक्षात येते, की दोन वर्तुळांतील अंतर हीच ह्या कृतीतील बदलती राशी आहे आणि बाकी सर्व तिच्या हवाली केलेले आहे. पान खाली असताना वस्तू जमिनीशी बसलेली, जवळजवळ पेटीसारखी घट्ट दिसते. पान वर चढवताच तीच वस्तू एका बाजूने तोललेली, श्वास रोखून उभी असल्यासारखी होते. दोन्ही रूपे एकाच प्रकृतीची आहेत हे सांगणारी खूण म्हणजे कडेचा खांब आणि ती खीळ. खीळ लपविलेली नाही. तिची साखळी लोंबते, हलते, किंचित वाजते. नळीच्या गुळगुळीत शिस्तीत ही साखळी जवळजवळ घरगुती वाटते, जणू दाराची कडी. ग्रेच्या काळातील अनेक नळी-फर्निचरकारांनी ही साखळी टाळली असती. तिने ठेवली, कारण साखळीमुळे खीळ हरवत नाही; आणि ठेवल्यामुळे एक गोष्ट आपोआप साधली, ती ही की वस्तू कोठे बदलते हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

दोषही नोंदविला पाहिजे. नळीत नळी सरकणाऱ्या प्रत्येक रचनेत वरची नळी जितकी बाहेर येते तितकी दोहोंची मिठी आखूड होते आणि सांध्यातील सूक्ष्म फट टोकाशी वाढून जाणवते. त्यात भार एका बाजूला. म्हणून सर्वांत वरच्या भोकात खीळ घातली असता पान बोटाच्या धक्क्यानेही थरथरू पाहते. रूपावलीतील हे शेवटचे रूप काहीसे चाचरत उच्चारले जाते. स्थिर छायाचित्रात हा दोष कधीच दिसत नाही, आणि त्यामुळे ह्या मेजावरील लेखनात त्याचा उल्लेखही क्वचित आढळतो.

ग्रेने सांध्याचा विचार ह्या मेजापूर्वीच सुरू केला होता. १९२० नंतरच्या काही वर्षांत तिने केलेले लाखकामाचे पडदे पाहावेत. लाखेचा लेप दिलेल्या लाकडाच्या विटांसारख्या फळ्या उभ्या धातुसळ्यांवर ओवलेल्या आहेत आणि प्रत्येक फळी सळीभोवती फिरते. सर्व फळ्या एका प्रतलात असल्या की भिंत होते. काही वळविल्या की त्याच भिंतीला डोळे फुटतात. ह्या पडद्याची 'मुख्य' स्थिती कोणती असे विचारणेच व्यर्थ आहे. पडदा लाकडी असल्याने येथे तो अधिक विस्तारण्याचे कारण नाही, परंतु धातूची सळी आणि तिच्याभोवतीचे फिरणे हा विचार तेथून नळीच्या मेजात आला हे उघड आहे.

१९२८ मध्ये ले कॉर्बुझिए, पिएर जानरे आणि शार्लोत पेरियाँ (१९०३-१९९९) ह्यांनी आखलेली आणि १९२९ च्या पॅरिसमधील 'सालों दोतोन' प्रदर्शनात मांडलेली आरामखुर्ची ही ह्या विषयातील दुसरी मोठी कृती होय. चार पायांची काळी, पत्र्याची जड बैठक. तिच्यावर क्रोमच्या नळीची चौकट, जिच्या तळाशी धनुष्यासारख्या कमानी आहेत. कमानी बैठकीच्या आडव्या दांड्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात. दांड्यांवर रबर चढविलेले असते. रबराचे घर्षण आणि बसणाऱ्याचे वजन एवढ्यावर कोन टिकतो. बिजागरी नाही, खीळ नाही, मळसूत्र नाही. व्याकरणात ज्याला शून्य-प्रत्यय म्हणतात त्याचे इतके नेमके उदाहरण कारागिरीत दुसरे मिळणे कठीण. प्रत्यय दिसत नाही, पण रूप मात्र बदललेले असते.

ह्या खुर्चीचे सौंदर्य प्रत्येक स्थितीत टिकते आणि त्याचे कारण भूमितीत आहे. वर्तुळाचा कंस स्वतःवरच सरकतो. कंस कितीही पुढे-मागे सरकविला तरी बैठकीच्या दांड्यांशी त्याचे नाते तेच राहते; बदलतो तो फक्त वरील देहाकृतीचा कल. म्हणजे अर्धी वस्तू बदलते आणि अर्धी वस्तू बदलाला नकार देते, व दोहोंची सीमा एका रेषेने आखलेली आहे. वरची चौकट बैठकीवरून उचलून जमिनीवर ठेवली असता कमानी डोलखुर्चीच्या पायांचे काम करतात, हे ह्या रेषेच्या स्वच्छपणाचेच फळ होय. तरीही एक आक्षेप राहतो. तिच्यावर पहुडलेल्या माणसाला कोन बदलावयाचा असेल तर त्याला उठावे लागते. शरीराच्या विश्रांतीसाठी केलेली वस्तू शरीराच्या हालचालीला साथ देत नाही. आधी ठरवा, मग निजा, असा तिचा हुकूम आहे. त्याच तिघांची त्याच वर्षीची झुलत्या पाठीची खुर्ची ह्याच्या अगदी उलट आहे. तिची पाठ एका आडव्या अक्षाभोवती मोकळी फिरते आणि बसणाऱ्याच्या पाठीमागोमाग जाते. माणूस उठला की तिची पाठ स्वतःच्या वजनाने जेथे थांबेल तेथे थांबते. ग्रंथांत छापलेला तिचा कोन हा कोणा कलावंताचा निर्णय नसून गुरुत्वाकर्षणाचा आहे, आणि त्या कोनाच्या लालित्यावर मजकूर लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे होते.

येथवर सांध्याला जागेवर धरून ठेवण्याचे दोन मार्ग दिसले : खीळ आणि घर्षण. खिळीच्या मार्गात स्थिती मोजक्या असतात, त्या वर्णांसारख्या एकमेकींपासून तुटक असतात. क आणि ख ह्यांच्या मध्ये जसा उच्चार भाषेला मान्य नाही, तशी दोन भोकांच्या मधली उंची मेजाला मान्य नाही. घर्षणात स्थिती अखंड असतात, बोलण्यातील सुरासारख्या. परंतु घर्षण हा फसवा मित्र आहे. स्थिर अवस्थेतील घर्षण चालत्या अवस्थेतील घर्षणाहून अधिक असते, म्हणून सांधा प्रथम अडतो आणि मग एकदम सुटतो, हात हवा त्या ठिकाणाच्या पुढे जातो. स्टेनलेस पोलादावर स्टेनलेस पोलाद घासले तर पृष्ठभाग एकमेकांना चिकटून फाटतात. म्हणून पोलादाला पितळ किंवा मध्ये तंतूची चकती द्यावी लागते. आणि सांधा झिजला, की आवळणे आले. ज्या दिव्याची मान दर महिन्याला आवळावी लागते तो दिवा कितीही शिल्पमय असला तरी वापरणाऱ्याच्या मनातून उतरतो.

तिसरा मार्ग तोलाचा. तो शिल्पकाराने शोधलेला नाही. तो जॉर्ज कारवार्डीन (१८८७-१९४७) नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने शोधला. मोटारगाड्यांच्या स्प्रिंगांवर काम करणाऱ्या ह्या माणसाने १९३२ मध्ये स्प्रिंगांच्या तोलावर उभ्या राहणाऱ्या भुजेचे पेटंट घेतले आणि रेडिच येथील हर्बर्ट टेरी ह्या स्प्रिंगा करणाऱ्या कारखान्याने 'अँगलपॉइज' नावाने तिचा दिवा बाजारात आणला. तीन स्प्रिंगांचा, पायऱ्यांच्या चौकोनी बैठकीचा जो दिवा लोकांना परिचित आहे तो १९३५ चा. त्यातील तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. भुजा उभी असते तेव्हा तिच्या टोकावरील वजन तिला पाडू पाहत नाही. ती जसजशी आडवी होते तसतशी वजनाची ओढ वाढत जाते. ही ओढ प्रत्येक कोनात पेलावयाची असेल तर विरुद्ध ओढही त्याच प्रमाणात वाढली पाहिजे. स्प्रिंगेचे एक टोक भुजेच्या खुंट्याच्या सरळ वर बांधले, दुसरे भुजेवर, आणि स्प्रिंग अशी केली की तिचा जोर तिच्या वाढलेल्या लांबीच्या नव्हे तर दोन टोकांतील संपूर्ण अंतराच्या प्रमाणात राहील, तर दोन्ही ओढी कोनाच्या एकाच फलनाने वाढतात आणि तोल सर्व कोनांत साधतो. प्रत्यक्ष स्प्रिंग हा आदर्श पूर्णपणे गाठत नाही. उरलेली किरकोळ तूट सांध्यांचे घर्षण भरून काढते. परिणाम असा, की दिवा बोटाने ढकलावा आणि सोडावा. तो सोडला तेथे राहतो.

हा दिवा शिल्प म्हणून केलेला नाही. परंतु रूपावलीच्या कसोटीवर तो ह्या लेखातील बहुतेक कृतींच्या वर जातो. त्याचे एकही रूप दुसऱ्याहून कमी अधिकाराचे नाही. उभा, वाकलेला, मेजावर ओणवलेला, भिंतीकडे तोंड फिरवून बसलेला, प्रत्येक स्थितीत स्प्रिंगांचे ताणलेपण डोळ्यांना दिसते आणि त्या ताणावरून स्थितीचा अर्थ कळतो. माणसाच्या हाताशी त्याचे साम्य नेहमी सांगितले जाते. ते साम्य आकारापेक्षा ह्या दिसणाऱ्या स्नायूंमुळे आहे.

रिचर्ड सॅपरने (१९३२-२०१५) १९७२ मध्ये मिलानच्या 'आर्तेमीदे' साठी केलेला 'तीत्सिओ' दिवा हा ह्याच मार्गावरचा पुढचा टप्पा. इटालियनमध्ये तीत्सिओ म्हणजे आपला 'अमका'. सॅपरने स्प्रिंगा काढून टाकल्या आणि भुजांच्या मागच्या टोकांना प्रतिभार दिले, तराजूसारखे. बैठकीत रोहित्र आहे. ते वीज बारा व्होल्टपर्यंत उतरविते आणि स्वतःच्या वजनाने दिवा उभा ठेवते. इतक्या कमी दाबाची वीज भुजांच्या धातूतूनच वाहू शकते, म्हणून तार नाही. सांधे दाबबटणासारखे आहेत. दिवा पडला तर ते मोडण्याऐवजी सुटतात आणि पुन्हा दाबून बसविता येतात. येथे सांधा एकाच वेळी तीन कामे करतो : फिरतो, वीज नेतो आणि अपघात झेलतो. काळ्या दिव्यावर रंग आहे तो लाल, आणि तो अगदी थोडा, सांध्यांच्या ठिकाणी. कारवार्डीनने जे नाइलाजाने उघडे ठेवले ते सॅपरने जाणून अधोरेखित केले. हॅलोजनचा लहानसा दिवा फार तापतो आणि डोक्याला हात लावताना जपावे लागते, ही त्याची खोड. चालविण्यासाठी केलेल्या वस्तूत ती क्षुल्लक म्हणता येणार नाही.

त्याच्या तुलनेत सर्ज मुई (१९२२-१९८८) ह्या फ्रेंच चांदीकामगाराचे १९५० नंतरचे दिवे शिल्पाच्या अधिक जवळचे मानले जातात, आणि बाजारात त्यांना मानही मोठा आहे. लांब, बारीक, कीटकाच्या पायांसारख्या काळ्या दांड्या. टोकाला स्तनाग्रासारखा उंचवटा असलेली टोपणे, आतून पांढरी. आणि पितळी गोलक-सांधे. हातोडीने पत्रा उठविण्याचे चांदीकामातील कौशल्य ह्या टोपणांत पूर्णपणे उतरले आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु दांडीची रेषा हीच येथे खरी कृती आहे आणि टोपण कोणत्याही दिशेला फिरविले तरी त्या रेषेचे म्हणणे बदलत नाही. सांधा प्रामाणिक आहे, सुंदरही आहे. तो रूपावली मात्र घडवीत नाही. अव्यय शब्दाला विभक्तीचा अलंकार चढवावा असे काहीसे झाले आहे. अलीकडे जाड पितळी मुठी, उगाच मोठे नट आणि नुसत्या शोभेच्या बिजागऱ्या लावलेले जे 'कारखानी' धाटणीचे फर्निचर विकले जाते, ते ह्याच चुकीचे भ्रष्ट रूप होय. त्यातील कित्येक मुठी फिरविल्या तर काहीही हलत नाही.

शिल्प कोठे ठेवावे, दांडीत की सांध्यात, हा प्रश्न युरोपातील आधुनिकांनी प्रथम उपस्थित केला असे नाही. मराठी आणि गुजराती घरांतील झोपाळ्याच्या पितळी कड्या हे धातूचे, शिल्पयुक्त आणि सांध्यांवर जगणारे फर्निचरच आहे. कडीच्या दांड्यावर हत्ती, मोर, पोपट, स्वार अशी ओतीव चित्रे असतात. पण दोन दांडे जेथे एकमेकांत अडकतात तेथे साधा आकडा आणि साधे वेढे असते. कासाराने हे का केले ते उघड आहे. झोका चालू असताना घासते ते वेढे. तेथे मोराची चोच ठेवली तर ती झिजून जाईल. म्हणून कलाकुसर दांड्यावर आणि काम वेढ्यावर, अशी वाटणी. हे मुईच्या बाजूचे उत्तर आहे, आणि त्याहून अधिक समंजस, कारण झोपाळ्याला एकच गती आहे आणि तिला रूपावलीची गरज नाही.

दुसरे उत्तर अडकित्त्यात मिळते. अडकित्ता फर्निचर नव्हे, हे मान्य. पण सांध्याच्या शिल्पाचा इतका नेटका नमुना त्यावाचून सापडणार नाही. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात जुन्या अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. अशा अडकित्त्यांत काही पक्ष्यांच्या, काही घोड्यांच्या आकाराचे, आणि काही स्त्री-पुरुषांच्या जोडीचे असतात. जोडीच्या अडकित्त्यात एक पाते म्हणजे एक देह. मूठ आवळली की दोघे जवळ येतात, सोडली की दूर होतात. खिळीभोवतीची गती आणि शिल्पाचा आशय येथे एकच आहेत. उघडा अडकित्ता आणि मिटलेला अडकित्ता ह्यांचे अर्थ निरनिराळे आहेत, आणि कारागिराने ते दोन्ही गृहीत धरून घडण केली आहे. काचेमागे मात्र तो एकाच स्थितीत ठेवावा लागतो, आणि पाहणारा एकच अर्थ घेऊन जातो.

काचेमागची ही अवस्था आधुनिक कृतींनाही आलेली आहे. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाच्या एका राजघराण्याशी निगडित आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर, दुसरे (१९०८-१९६१), ह्यांनी एकार्ट मुथेसिउस ह्या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून १९३० ते १९३३ ह्या काळात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला आणि त्यात त्या वेळच्या युरोपातील अत्यंत पुढारलेले फर्निचर आणविले. लुई सोन्यो आणि शार्लोत आलिक्स ह्यांचे काच व धातूचे पलंग, वर वर्णिलेली पेरियाँ प्रभृतींची आरामखुर्ची, आयलीन ग्रेची 'त्रांझात' खुर्ची तेथे होती. मुथेसिउसने स्वतः वाचनासाठीचे दिवे खुर्चीच्या अंगातच बसवून लाल आसनांची एक जोडी केली. 'त्रांझात' हे नाव आगबोटीच्या डेकवरील खुर्चीवरून आलेले. तिची चौकट लाकडाची, परंतु लाकूड जेथे लाकडाला मिळते तेथे क्रोमचे सांधे उघडे आहेत आणि डोक्याचे टेकण एका आसाभोवती फिरते. ह्याच राजाने ब्रांकुशीचे तीन 'पक्षी' विकत घेतले होते आणि त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर योजिले होते. ते झाले नाही.

ह्या वाड्यातील संग्रहाकडे राजेशाही विलासाचा एक विचित्र प्रकार म्हणून पाहण्याची प्रथा आहे. येथे महत्त्वाचे ते वेगळे. माणिकबागेत ह्या वस्तू वापरात होत्या. ब्रांकुशीचा पक्षी पाहावयाचा होता आणि ग्रेची खुर्ची टेकावयाची होती. एकाच धन्याने दोहोंची निवड केली होती आणि दोहोंतील भेद त्या घरात स्पष्ट होता. १९८० मध्ये मोनाको येथील लिलावात हे फर्निचर विकले गेले. इमारत सरकारी कचेरीकडे गेली आणि वस्तू संग्रहालयांत व खासगी संग्रहांत पांगल्या. २०१९ मध्ये पॅरिसच्या शोभाकला संग्रहालयात त्यांतील अनेक पुन्हा एकत्र मांडण्यात आल्या. तेव्हा खुर्ची आणि पक्षी ह्यांच्यात प्रेक्षकाच्या दृष्टीने काही फरक उरला नव्हता. दोन्हींना हात लावण्यास मनाई. लिलावाने खुर्चीला शिल्पाची किंमत दिली आणि तिचा सांधा काढून घेतला. तिचे टेकण आता फिरते की नाही, हे ती हाताळणाऱ्या मोजक्या तज्ज्ञांखेरीज कोणालाच ठाऊक होऊ शकत नाही.

संग्रहालयांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. सत्तर-नव्वद वर्षांपूर्वीचा क्रोमचा थर आणि झिजलेला आस रोज शेकडो हातांखाली टिकणार नाही. पण समीक्षेला तो बचाव लागू होत नाही. ह्या मेजांच्या आणि दिव्यांच्या परवान्याने केलेल्या प्रती आजही तयार होतात. त्या पाहता येतात, उचलता येतात, खीळ काढून घालता येते. अभिकल्पाच्या शाळांत अशा वस्तूचे एकच दर्शनचित्र काढावयास लावण्याऐवजी तिच्या टोकाच्या दोन स्थिती आणि मधला मार्ग काढावयास लावला, तर विद्यार्थ्याला आपोआप कळते की आपण कोणत्या स्थितीला लाडावले आणि कोणती विसरलो. बोट कोठे चिमटेल, भार कोठे बाहेर जाईल, अडसर कोठे हवा, हे प्रश्नही त्याच रेखाटनात उभे राहतात. मळसूत्राचे माप ठरविण्याच्या फार आधी.

एक आक्षेप उरतो आणि तो खरा आहे. शब्दाची रूपे व्याकरणाने बांधलेली असतात. वस्तूला वापरणारा हवा तसा वाकवितो. मग ज्या रूपाची कल्पना कर्त्याने केलीच नव्हती त्याचे श्रेय कोणाचे? कारवार्डीनच्या दिव्यापुरते उत्तर मिळते : त्याने रूपे आखली नाहीत, नियम आखला, आणि नियमात बसणारे प्रत्येक रूप त्याचे. ग्रेच्या मेजाबाबत उत्तर इतके सरळ नाही. भोके तिने पाडली, पण त्यांतील एक निवडण्याचे काम निजलेल्या पाहुण्यावर सोपविले. संग्रहालयात पाहुणा नाही. तेथे खीळ कोणत्या भोकात घालावयाची ते व्यवस्थापक ठरवितो. तो निर्णय मुद्रितप्रतीतील पाठभेदासारखा संपादकीय असतो, आणि मांडणीजवळच्या पाटीवर उंचीचा एकच आकडा लिहिला की तो मूळ पाठ म्हणून वाचला जातो. पाटीवर दोन आकडे लिहावयास, सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा, काहीही खर्च येत नाही.